एक पूर्णांक चार

तीनशे पन्नास.
आकडा आधी येतो, पाकीट नंतर.
फोर्टातल्या काचेमागे त्याची जागा ठरलेली,
गिऱ्हाईक किती देईल ते ठरलेलं,
दुकानदाराचा मार्कअप, खर्चावर चाळीस टक्के, तोही ठरलेला.
ठरायचं उरतं ते आमच्याकडे, धारावीत,
नव्वद फुटी रस्त्याच्या आत, चौथ्या गल्लीत,
शिडी चढल्यावर जिथे डोकं आपोआप वाकतं
त्या पोटमाळ्यावर:
आमचा घास धरून, एवढ्यात बसवा.

बसवलं.
तीनशे पन्नासचे चाळीस टक्के, एकशे चाळीस.
वजा जाता दोनशे दहा.
चार वर्षं हेच लिहीत आलो
प्रत्येक ऑर्डरच्या पानावर, वर मधोमध,
जिथे वडील श्री लिहायचे.

दोनशे दहात मावायला
चामड्याने आधी पोट आत घेतलं.
अस्तर सुती होतं, ते चकाकायला लागलं.
इंचाला आठ टाके पडायचे, सहा पडू लागले.
अख्तरीबाईंची शिलाई बावीसवरून सोळावर आली.
म्हणाल्या, "खैरमोडेभाऊ, भागत नाही हो इतक्यात."
मी वही दाखवली.
वहीपुढे कोण बोलणार.

काल विशाखा, भावाची मुलगी, कॉमर्सच्या दुसऱ्या वर्षाला,
चहाचा ग्लास टेकवायला जागा शोधत होती.
वहीवर ठेवता ठेवता थांबली.
"काका, चाळीस टक्के कशावर?"
खर्चावर.
"मग किमतीतून का वजा केलेत?
खर्च शंभर, तर किंमत एकशे चाळीस.
एक पूर्णांक चारने भागायचं."
मोबाइल पुढे केला.
दोनशे पन्नास.

वजा करायचं नव्हतं. भागायचं होतं.
दोनशे पन्नासवर चाळीस टक्के शंभर,
होतात बरोबर तीनशे पन्नास.
तीनदा करून पाहिलं. पेन्सिलीने, पेनाने,
मग रापीच्या टोकाने, चामड्याच्या कातरणावर.
तेच.

चाळीस रुपये. दर पाकिटामागे.
दुकानदाराने मागितले नव्हते.
मी पुढे केले, त्याने नको म्हटलं नाही, एवढंच.
त्यातले सतरा चामड्याचे, नऊ अस्तराचे,
सहा अख्तरीबाईंचे.
आठ कुणाचे ते लागेना.
बहुतेक माझेच.

नवं पान काढलं. दोनशे पन्नास लिहिलं.
शिलाईपुढे बावीस मांडलं आणि खोडलं:
चार वर्षांपूर्वीचे बावीस
आज किती होतात
हे मोबाइलला विचारायचं राहिलंय.

मुंब्र्याला फोन लावला.
काय बोलायचं ते जुळवत होतो,
भागाकार चुकला म्हणू, की मी,
तेवढ्यात उचललाच.
"बोला, भाऊ."
आणि मागे मशीन चालू,
दुसऱ्या कुणाच्या तरी पाकिटावर,
घाईत,
इंचाला सहा.