नाव लांबलंय

बासष्ट टक्क्यांवर परत थांबलं.
केबल बदलली, डिस्क दुसऱ्या खाचेत लावली.
खानापुरात दहाला लाईट गेली, आली,
यूपीएस तेवढा वेळ बोंबलत राहिला,
आणि पुन्हा बासष्ट.

जागा? आहे की. निम्मी डिस्क मोकळी.
धारवाडहून फोनवर प्रज्योत:
"लॉग उघड मावशी, कुठली फाइल अडालीय बघ."

एकच.
फोल्डरात फोल्डर, त्यात आणखी फोल्डर:
जुनं घर, कौलांचा कारखाना, दवाखाना, रात्र
आणि तळाशी मीच ठेवलेलं नाव:
आबा झोपेत कन्नडमधून हजेरी घेतात
भट्टीवरच्या माणसांची एकेकाला हाक मारून
मग डोळे न उघडता मला मराठीत विचारतात
सगळे आले काय

"नाव लांबलंय गं. एवढं पेलत नाही त्याला.
कमी कर की."

'आबा' ठेवलं.
चाळीस मिनिटांनी हिरवी खूण.

खोडलेलं सगळं
हेस्कॉमच्या बिलामागं लिहून काढलं,
बॉलपेन मध्येच कोरडं जात होतं.
पुढच्या बाजूला कन्नडमध्ये रक्कम,
मुदत उद्याची.

सकाळी ह्यांना सांगायला हवं:
पैसे भरा,
पण कागद परत आणा.