पक्कड

त्र्यंबक रस्त्यावर, नाण्यांच्या संस्थेत,
ट्रे क्रमांक सहामध्ये शिशाचा एक तुकडा आहे.
चपटा, करडा, कडेला चिरलेला.
वजन अकरा ग्रॅम, चार दशांश.
मी नोंदलं: बायझंटाइन, बहुधा नववं शतक.
एका बाजूला क्रूस, दुसऱ्या बाजूला पाच ओळी:
प्रभो, सांभाळ तुझ्या सेवकाला,
निकेतास, जकातीचा अंमलदार,
पुढे प्रांताचं नाव, अर्ध्यात तुटलेलं.

आत आरपार एक बारीक नळी आहे.
तिच्यातून दोरा जायचा,
दोरा ज्याला बांधायचा तो हुकूम.
दोरा नाही. हुकूमही नाही.
काय होतं त्यात? सूट? दंड?
कुणाची तरी शंभर पोती अडकून पडलेली?
कुलूप तेवढं माझ्यापर्यंत आलं,
दार नाही, घर नाही, गल्लीसुद्धा नाही.

मागच्या बुधवारी नाना आले, राहिलेला डबा द्यायला.
वजनमापे निरीक्षक, निफाड आणि दिंडोरी, एकतीस वर्षं.
"शिसं ना हे? बघू?"
हातमोजे घाला म्हटलं. घातले, निमूट.
आणि मला भिंगातून जे दिसलं नव्हतं
ते त्यांनी अंगठ्याने वाचलं.
"पक्कड ढिली होती याची.
वरचा जबडा सरकलाय, बघ, क्रूस पार कडेला गेला.
दाबणारा घाईत होता. शेवटची खेप,
उजेड कमी झालेला."
मग जरा थांबून,
"आणि नाव ज्याचं आहे त्याने नाही दाबलेलं हे.
साहेब कधी दाबतो का?"

पिंपळगावच्या मार्केट यार्डात तपासणी लागायची,
मी रिकाम्या क्रेटवर बसून पाय हलवत.
नाना काटा बघायचे, पावती फाडायचे.
शिपाई हरी खांदवे वजनं उलटी मांडायचे,
तळाच्या भोकात शिसं बसवायचे,
पंच धरायचे, वर हातोडा.
ठक्. नानांचा नंबर.
ठक्. सालाचा आकडा.
पुढे इलेक्ट्रॉनिक काटे आले, तार आली, पक्कड आली.
कांदा, टोमॅटो, द्राक्षं,
दोन तालुक्यांचं सगळं पीक
नानांच्या नंबराने खरं ठरत गेलं
आणि हरीभाऊंच्या मनगटाने.
त्यांच्या डाव्या तर्जनीचं नख
शेवटपर्यंत काळं ते काळंच होतं.

निवृत्तीच्या दिवशी पंच जमा करावा लागतो.
दोन साक्षीदारांसमोर कानशीने नंबर घासतात,
त्याचा पंचनामा होतो.
भुगा एवढासाच पडला, नाना सांगतात,
फुंकरीने गेला.
"त्यांच्यातही घासत असतील का गं?"
मला माहीत नव्हतं.
"घासतच असणार. नाहीतर मेलेला अंमलदारही
हुकूम काढत सुटेल."

नोंदीच्या तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा.
मी लिहिलं, छाप एका बाजूला सरकलेली.
दाबणाऱ्याचं नाव, असा रकाना
आमच्याकडे नाही.
त्यांच्याकडेही नसावा.

नानांनी हातमोजे काढले, बोटं हुंगली,
ओळखीचा वास आला नाही बहुतेक.
ट्रे माझ्याकडे सरकवला.
म्हणाले, भेंडी आहे,
गार व्हायच्या आत खा.