न उचलणारा दगड

कर्राराच्या खाणीत, दुपारच्या सुट्टीत,
सेमिनरीतून आलेला गाल्दिनो काकाला विचारतो:
देव असा दगड घडवील का,
जो त्याला स्वतःलाच उचलवणार नाही?
घडवला तरी अडला, नाही घडवला तरी अडला.

ओरेस्ते पावावर डुकराच्या चरबीचा काप ठेवतो.
तीन बोटांच्या हातात सुरी नीट बसत नाही.
वजनाचं आम्हाला नको सांगू, तो म्हणतो.
साबण लावलेल्या ओंडक्यांवरून
वीस-वीस टनांचे ठोकळे उतरवलेत आम्ही,
आणि आम्ही तर कोणीच नव्हे.

तू असं विचार:
मार्चातला तो गुरुवार. दोर तुटला.
खाली तुझा बाप होता.
उद्या त्याला तो उठवीलही कबरीतून, धडधाकट,
पाद्री सांगतात तसा.
पण दोर तुटलाच नव्हता, असं करील?

पोराच्या पुस्तकात याला लॅटिन नाव आहे.
ते ओठांपर्यंत येतं
आणि तिथंच राहतं.

खालच्या टप्प्यावर सुरुंगाचं शिंग वाजतं.
ओरेस्ते मांडीवरचा चुरा झटकतो.

झाला की मग, म्हणतो, तुझा दगड.
घडवून बसलाय बिचारा.