शुक्रवारी वारा नव्हता

मुलाखत दुपारी दोनला, क्ष-किरण विभागात.
मी सकाळी सातलाच वॉल्नीचा पूल ओलांडला.
पाठीवरच्या फायलीत दाखले,
दाखल्यांच्या मागे भरती-ओहोटीचं कोष्टक.

आणि वारा नव्हता.
खाडी अशी पडलेली
जशी ताटात निवत ठेवलेली पेज.
लांब समुद्रात पवनचक्क्या
हात वर करून उभ्या, धाड पडल्यासारख्या.

केटरिंगला माझा एक तलाव आहे.
इकडून तिकडे चार मिनिटं, मग वळायचं.
अकरा वर्षं मी तिथं वळते आहे.

उपेंद्र म्हणाला, पगार बघ,
घरांच्या भिंतींना ओल आहे का बघ,
वारा काय, सगळीकडेच असतो.
पाणीही असतं सगळीकडे, मी म्हटलं, नळाला.

पण वारा नसताना वारा बघायचा कसा?
मी त्याच्या खुणा बघत हिंडले.
कचऱ्याचे डबे दोरीनं कुंपणाला जखडलेले,
तेही खलाशाच्या गाठीनं.
बसथांब्याच्या एकाच कोपऱ्यात पसाभर वाळू.
हॉथॉर्नची झुडपं झाडून सगळी ईशान्येला कललेली,
कमी ऐकू येणारी माणसं कलतात तशी.
एका फाटकाचा रंग पश्चिमेकडून सोललेला,
मागून नवाकोरा.
आणि दोरीवरच्या एका चादरीला सोळा चिमटे.
मी मोजले.
सोळा चिमटे कुणी हौसेनं लावत नाही.

धक्क्याच्या उतारावर नॉर्मन पोस्टलथ्वेट
उलट्या होडीचं शेवाळ खरवडत होते.
वारा? ते म्हणाले, काल यायला हवं होतंस.
(मला आयुष्यभर सगळ्यांनी हेच सांगितलंय.)
मग खरवडणं न थांबवता:
नैर्ऋत्येचा चांगला, त्याच्याशी तुझं जमेल.
वायव्येचा दांडगा, पहिल्या हिवाळ्यात त्याच्या नादी लागू नकोस.
पूर्वेचा सुटला तर पश्चिम किनाऱ्यावर जाऊच नकोस,
तो गोडीगोडीनं नेतो आणि आणून सोडत नाही.
आणि भरतीच्या अलीकडे दोन तास, पलीकडे दोन.
बाकी सगळा चिखल.
त्यात आमच्या चुलत्याचा ट्रॅक्टर आहे,
अजून आहे.

मतलई, मी मनात म्हटलं.
भूगोलात एका गुणाला होता तो शब्द:
जमिनीकडून समुद्राकडे वाहणारे, रिकाम्या जागा भरा.
मी भरली होती, गुण मिळाला होता.
त्याची भीती आज वाटली.

दोन वाजता तिघांनी विचारलं, बॅरोच का?
विभागाचा लौकिक, मी म्हटलं, नवं यंत्र,
शिकायला वाव.
खोटं नव्हतं. भरतीपुरतं खरं होतं.
तुमचे काही प्रश्न?
पाळ्यांचा तक्ता किती आधी लागतो?
सहा आठवडे, मधल्या बाई म्हणाल्या
आणि काहीतरी लिहून घेतलं,
बहुधा, शिस्तीची आहे.
मी तेव्हा दोन कागद एकावर एक ठेवून
मनातल्या उजेडावर धरले होते, फिल्म धरतो तसे.
एकावर पाळ्या, एकावर भरत्या.
फट कुठं आहे ते शोधत होते.
हाडात शोधते तशीच,
फक्त इथं ती सापडावी असं वाटत होतं.

परतीची गाडी उशिरा.
साडेपाचला फलाटावर चिप्सचं रिकामं पाकीट
थोडं सरकलं. थांबलं.
पुन्हा सरकलं,
आणि मग वारं प्यायलेल्या वासरासारखं
रूळ ओलांडून गाड्यांच्या तळात गेलं.
मी बोट ओलं करून वर धरलं.
शेजारच्या बाकावरच्या मुलीनं आपली बॅग जवळ ओढली.
नैर्ऋत्य. अठरा नॉट, झोतात बावीस.
पाच पूर्णांक तीनचं शीड.
तेवढ्यात उपेंद्रचा फोन:
काय गं, भिंती कशा आहेत तिथल्या?

ऐकू येत नाहीये, मी ओरडले,
वारा आहे.