अकरावी फळी

काहीच घडलं नव्हतं.
भांडण नाही, दुखणं नाही,
लाकूडसुद्धा संपलं नव्हतं.
दहावी फळी चिकटवली, दोऱ्याने आवळली,
दिवा मालवला
आणि उद्या म्हणालो.

त्या उद्यात मल्हारगंजातला दवाखाना निघाला.
सदतीस वर्षं इंदूरचे दात पाहिले:
शेवेचे, जिलेबीचे, सुपारीचे,
झोपेत करकरा चावलेल्या रागाचे.
मागच्या चैत्रात शटर खाली ओढलं,
चावी घरमालकाला दिली,
आणि माळ्यावरून चहाची पेटी उतरवली.

आत अर्धं गलबत.
वाक उघडे पडलेले.
एक्स-रे धरावा तसं खिडकीपाशी धरलं.
पठाण अजून सरळ होता.
नाळेत झुरळांनी संसार केलेला,
सरस वाळून पिवळा,
नखाने उडवला तर टिचकन उडाला.
नकाशा घड्यांवर फाटून चार तुकडे झालेला,
चारही तुकड्यांवर हरणे मास्तरांचं मुंगीएवढं अक्षर.

मास्तर देवगडकडचे. शाळेत सुतारकाम शिकवायचे.
समुद्र सोडून माळव्यात का आले
हे आमच्यापैकी कुणी विचारलं नाही.
म्हणायचे, आधी नावं लागू देत जिभेला, मग फळ्या.
पठाण, वाक, नाळ, डोल, परबाण,
चाळीस पोरं पाढे म्हणावेत तशी ओरडायची.
सिरपूरच्या तळ्याहून मोठं पाणी
एकानेही पाहिलेलं नव्हतं.

सियागंजात लुकमानीशेठनी सुतळीची भेंडोळी पुढ्यात टाकली.
"जहाज? डॉक्टरसाब, सोडणार कुठे, खान नदीत?"
दुकानातले दोघे हसले, मीही हसलो,
आणि सगळ्यात बारीक दोरा मागितला.

हत्यारं घरी होतीच.
दात उकरायच्या सळ्या, वाकड्या चोचीचा चिमटा,
तो चिमुकला गोल आरसा,
न दिसणारी बाजू दाखवणारा.
कोरताना तोंडातून निघून जातं, दुखतंय का?
सागाची पट्टी काही बोलत नाही.

वाकवायला वाफ लागते.
शालनच्या पोह्यांच्या पातेल्यावर पट्टी धरून उभा राहिलो.
ती म्हणाली, जिरावण भुरभुरू का थोडं?
पहिली पट्टी मोडली.
दुसरीही.
तिसरीच्या वेळी तिने माझा अंगठा पाहिला,
उजवा, कापणारा,
आणि पातेल्याखालचा गॅस बारीक केला.

म्हणजे, काहीच घडलं नव्हतं असं नाही.
दवाखाना मी थकून बंद केला असं सगळ्यांना सांगितलंय.
शालनलाही.

तिसरी लागली.
एका पट्टीला अडीच तास,
पूर्वी तेवढ्यात चार व्हायच्या.
दोरा काढून लांबून पाहिलं
तर रंग जुळत नव्हता.
खालच्या दहा, काळपट, तंबाखूसारख्या;
ही वर, पिवळी, कोवळी, कालची.

पॉलिशने एक होईल, शेजारचे बुळे म्हणाले.
होईल. मला काय ते सांगायचं!
छटांची पट्टी ओठाशी धरून
मी जन्मभर हेच केलं,
खोटा दात खऱ्यात मिसळून दिला.
कुणाला ओळखू न येणं, हीच माझी फी.

पॉलिशची बाटली तशीच ठेवली.
शिवण दिसू दे.
दिव्याच्या उजेडात, चष्मा काढून पाहिलं
तर खालचा भाग ओला वाटतो,
वरचा कोरडा.
पाणी इथवर आलं होतं, असं.

बारावी भिजत घातली आहे.
शालन दारात येऊन विचारते,
हे संपणार कधी?
दोन्ही हात गुंतलेले, दोऱ्याचं टोक दातांत धरलेलं.
माझ्या खुर्चीतल्या पेशंटांसारखं
मी नुसतं
"आ" केलं.