चेंडू धरायचा नाही

क्रोस्नोच्या सातव्या शाळेत, गुरुवारी संध्याकाळी,
हिटर लावून तास झाला तरी
जिमची लाकडी जमीन मोज्यांतून चावते.
दाराबाहेर बूट ओळीनं. त्यांवरचा बर्फ वितळतो आहे,
एकाचं पाणी दुसऱ्याच्या बुटात.

बोगुमिवाबाई शिट्टी वापरत नाहीत. टाळी वाजवतात.
"सहाजण. तीन पुढे, तीन मागे.
यादविगा, हात खिशातून काढ.
इथं आपण चेंडूची वाट बघतो, बसची नाही."

मग नियम, आठवतील तसे:
सर्व्ह मागच्या रेषेमागून. पाय रेषेवर पडला, गुण गेला.
चेंडू जाळीला घासून पलीकडे पडला तरी चालतो,
तुम्ही जाळीला घासलात तर नाही.
आपल्या बाजूला स्पर्श तीन, चौथा नाही,
आणि एकाच माणसाचे लागोपाठ दोन नाहीत.
ब्लॉकचा हात त्यात मोजत नाहीत,
पण तुम्ही एवढ्यात ब्लॉक करणार नाही आहात,
तेव्हा ते राहू द्या.

"आणि पायानं?" टिमोटेउश. सोळा वर्षांचा,
सगळा गुडघे आणि कोपरं.
"चालतं. डोक्यानं चालतं.
नाकानं तर मी स्वतः केलंय, मागच्या मार्चमध्ये."

लेशेक एकतीस वर्षं काचकारखान्यात, फुंकणीवर.
तो चेंडू झेलतो. दर वेळी.
दोन्ही तळव्यांत घेतो, जरा बघतो,
मग जपून वर सोडतो.
"धरायचा नाही, लेशेक."
"हो."
पुन्हा धरतो.
"कारखान्यात गरम काच अशी धरून बसायचास?"
यावर तो खूप वेळ काही बोलत नाही.
पाण्याची बाटली आडवी घेऊन
बोटांवर नुसती फिरवत राहतो.

सर्व्ह जिंकून परत मिळाली, की सगळ्यांनी
घड्याळाच्या काट्याबरोबर एक घर सरकायचं.
जाळीशी मिरवणारा मागे येतो,
मागे लपलेला जाळीशी पोचतो.
"सर्व्हची पाळी कुणालाच चुकत नाही," बाई म्हणतात,
"दाताच्या डॉक्टरसारखी."

ओरिस्या खारकीव्हहून आलेली. हा तिचा चौथा गुरुवार.
चेंडू तिच्या आणि यादविगाच्या मधे येतो,
दोघी एकमेकींकडे बघतात,
दोघी दोन भाषांत माफी मागतात,
चेंडू मधोमध पडतो.
"ओरडा," बाई सांगतात. "'या!' म्हणजे 'मी'.
जी ओरडेल, चेंडू तिचा.
ओरडून चुकलीस तर चूक एकीची.
गप्प राहून चुकलात तर दोघींची."
यादविगा मान हलवते. ओरिस्या जमिनीकडे बघते.

चोवीस-चोवीस.
पंचवीसला संपायचं, पण दोनानं पुढे असाल तरच.
टिमोटेउशची सर्व्ह छताच्या दिव्यांपर्यंत जाते,
मागच्या रेषेकडे उतरू लागते,
आणि मागून, मधून, कुणी न ऐकलेल्या आवाजात:
"या!"
तिच्याही भाषेत 'मी' तसाच.
हे बाईंच्या ध्यानात आलं नव्हतं,
आणि आत्ता विचार करायला वेळ नाही.

दोन्ही मनगटांवरून चेंडू उडतो, वाकडा,
लेशेकच्या डोक्यावर.
दहा बोटं.
नाही धरला.

यादविगा उडी मारते, म्हणजे टाचा उचलते,
चेंडू जाळीच्या पट्टीवर चढतो,
जरा थांबल्यासारखा करतो,
पलीकडे सरपटत उतरतो आणि
बाजूच्या रेषेवर पडतो.

रेषा आतच धरतात.
तरी बाई गुडघ्यांवर बसून बघतात,
चष्मा काढून, पुन्हा घालून.
"आत."

पंचवीस-चोवीस. अजून एक.
"फिरा! यादविगा, सर्व्ह तुझी."
कुणी बोट दाखवायच्या आत
ओरिस्या एक घर सरकून उभी आहे.
शिपाई दारात किल्ल्या हलवतो.
साडेआठ वाजून गेलेत.
बाई त्याच्याकडे बघत नाहीत.