मेस्तियाचं मीठ

बस सुटायला अजून वीस मिनिटं.
मक्वाला दगडी खलात लसूण ठेचते,
त्यात मीठ, झेंडूच्या वाळल्या पाकळ्या, निळी मेथी,
आणि ते रानजिरं, जे वरच्या कुरणात
गुरं पोचायच्या आत खुडावं लागतं.

प्रवासी पुड्या हुंगतात, शिंकतात.
"कशावर घालायचं?"
"बटाट्यावर. काकडीवर. काहीच नसेल
तर नुसत्या भाकरीवर."

शेवटची पुडी विकायची नाही.
ती ड्रायव्हर गोचाच्या खिशात.
कुताइसीचा विमानतळ, पुढे इटली,
जिथे तिची लेक
दुसऱ्या कुणाच्या आईला भरवते.

परवा फोनवर म्हणाली,
म्हातारी अळणी सूप थुंकते गं,
तुझंच मीठ मागते.

आज दोन पुड्या.
दुसरीत लसूण बेताचा,
वयाला झेपेल इतकाच.